सोळा खोट्या दातांची साक्ष

मित्रांनो, जवळ या, घाबरू नका. मला सोळा दात आहेत, पण मी चावत नाही. चावायला तोंड लागतं आणि ते मला कुणी दिलंच नाही. दाताच्या दवाखान्यातली मी एक जुनी रंगपट्टी. वीतभर लांब, चपटी, धातूची. माझ्या अंगावर सोळा खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत चिनी मातीचा एकेक दात आपापल्या छोट्या दांडीवर उभा आहे. कुणी पिवळसर, कुणी तांबूस, कुणी ढगासारखा राखाडी. कापडाच्या दुकानात रंगांच्या नमुन्यांचे तुकडे असतात ना, तशी मी दातांच्या रंगांचे नमुने बाळगते. कुणाचा दात तुटला, किडला, त्यावर कॅप बसवायची झाली, की डॉक्टर माझा एकेक दात त्या माणसाच्या दाताशेजारी धरून बघतात. जो जुळेल त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून लॅबमध्ये जातो आणि त्या रंगाची कॅप बनून येते.

काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात माणसं जितकं खोटं बोलतात, तितकं कोर्टातसुद्धा बोलत नसतील. मोठ्यांविषयी वाईट बोलू नये, हे मला कळतं. म्हणून मी हळू आवाजात सांगते. तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.

माझा जन्म भट्टीतला. कारखान्यात चार बायका ओळीने बसून बारीक कुंचल्याने आम्हाला रंग देत. हिरडीकडे गडद, मध्ये मऊसर, टोकाशी फिका आणि किंचित काचेसारखा. कारण खरा दात कधीच एकरंगी नसतो. थर दिला की भट्टी, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. शेवटी एक जाड चष्म्याच्या बाई आम्हाला मूळ नमुन्याशेजारी धरून तपासत. केसभर फरक दिसला की दात कचऱ्याच्या डब्यात. "खोटा आहे ते चालेल, चुकीचा असून चालायचं नाही," असं त्या म्हणत. माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर इतकं शहाणं बोलणं फारसं ऐकायला मिळालं नाही.

तिथून मी आले ती मोठ्या डॉक्टरांकडे. औषधाच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत खुर्ची आणि खुर्चीच्या डाव्या हाताला उत्तरेची मोठी खिडकी. आजोबांची कवळी, आईचं रूट कॅनाल, मामाच्या दाढेतली चांदी, नातीचा हलणारा दुधाचा दात, सगळं त्याच एका खुर्चीत होई.

मोठ्या डॉक्टरांचा एक नेम होता. सकाळी आल्यावर हात धुवायचे, स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसायचं आणि माझे सोळा दात मोजायचे. पेशंट आला की रंग आधी, काम नंतर. त्याला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी न्यायचं. ओठांना रंग असेल तर पुसायला लावायचा. कपडे भडक असतील तर छातीवर करडं फडकं टाकायचं. मग माझा दात त्याच्या दाताशी धरून पाच मोजेपर्यंत बघायचं आणि नजर काढून घ्यायची. "पाचाच्या पुढे डोळा भुलतो," ते म्हणायचे, "मग त्याला हवं तेच दिसतं." या नेमात त्यांनी कधी खंड पाडला नाही. खिडकीबाहेर ढग असले तर पेशंटला म्हणत, "बसा थोडं. ऊन-ढगाचं भांडण मिटू दे." लोक कंटाळायचे. कंटाळू देत. कंटाळा येणं हा काही आजार नाही.

आता त्या लोकांविषयी. एक नवरदेव आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "डॉक्टर, दात या शर्टाइतके पांढरे करा."

डॉक्टर म्हणाले, "शर्ट तुम्ही रोज बदलता. दात रोज बदलणार का?"

एक गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत, "दिवसातून दोनदा घासतो हो मी." त्यांच्या दाढेत अडकलेली परवाच्या पेरूची बी मात्र वेगळीच हकिकत सांगत होती. एका बाईंचा दात माझ्या गडद पिवळ्या दाताशी तंतोतंत जुळला, तेव्हा त्या माझ्यावरच खेकसल्या. "इतका पिवळा? तुमची पट्टीच जुनी झालीय!" आरशाला शिव्या देता येत नाहीत, म्हणून माझी आठवण. आणि मित्रांनो, सगळ्यांत गंमत म्हणजे यांतला एकही माणूस दातदुखीने आलेला नव्हता. ज्यांचे दात खरंच दुखत ते बिचारे रंग विचारत नसत. ते म्हणत, "डॉक्टर, फक्त चावता आलं पाहिजे." त्यांच्यापुढे मी मनातल्या मनात मान लववत असे.

वर्षं गेली. एके दिवशी माप घेताना मोठ्या डॉक्टरांचा हात थरथरला. त्यांनी तो क्षणभर दुसऱ्या हातात धरून पाहिला, हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही. दवाखाना मुलाकडे गेला. सगळे त्यांना धाकटे डॉक्टर म्हणू लागले. मोठे डॉक्टर मात्र रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचे. सवय सुटत नाही म्हणतात. मला विचाराल तर ते राखण करत होते, पण राखणदाराने ओरडायचं असतं हे ते विसरले होते.

धाकट्या डॉक्टरांचा हात चांगला आहे. खोटं कशाला बोलू? चांदी काढून दाताच्या रंगाचं सिमेंट असं भरतात की जीभसुद्धा शोधत राहील. पण नजर? नजर त्यांनी विकत घेतली. एक मोठा पडदा आणला. त्याच्यावर तुमचा फोटो येतो आणि त्यात परके दात बसवून दाखवतात. माणसं स्वतःच्याच चेहऱ्यातले परके दात बघून खूश होतात. एक नवी पट्टी आणली. तिच्यावरचे रंग दुधाहून पांढरे, असे की कुठल्याही आईच्या पोटी त्या रंगाचा दात जन्मलेला नाही. आणि उत्तरेच्या खिडकीवर, वरपासून खालपर्यंत, एका हसणाऱ्या तोंडाचं चित्र चिकटवलं. नुसतं तोंड. वर नाक नाही, डोळे नाहीत. ज्या जागेतून खरं दिसायचं, तिथेच खोटं लावलं. यालाच हल्ली सजावट म्हणतात.

मी गेले खालच्या ड्रॉवरमध्ये. सोबतीला वाळलेली पेनं, मुदत संपलेल्या टूथपेस्टच्या नमुन्याच्या नळ्या आणि बॅटरी नसलेला एक रिमोट. हा रिमोट आडवा अडकल्यामुळे ड्रॉवर कधी पुरता बंद होत नसे. चार बोटांची फट राही. त्या फटीतून मी सगळं बघत असे. माझी विचारपूस करणाऱ्या फक्त मावशी. दवाखान्यात हत्यारं उकळायला आणि खुर्ची पुसायला त्या पहिल्यापासून आहेत. रोज सकाळी ड्रॉवर ओढून त्या मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसत, सोळा दात मोजत आणि परत ठेवून देत. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. नेम म्हणतात तो याला.

आणि मग वाचनालयाच्या बाई आल्या.

गावातल्या वाचनालयात त्या पुस्तकं देतात आणि दर शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवतात. लहानपणी जिन्यावर पडून त्यांचा वरचा समोरचा दात तुटला होता. पुढे मोठ्या डॉक्टरांनी त्यावर कॅप बसवली, माझ्याच एका पिवळसर दाताच्या रंगाची. ती कॅप इतकी वर्षं टिकली की तिचा त्यांना विसर पडला होता. आता ती सैल होऊन हातात आली, म्हणून त्या आल्या. मागणं एकच होतं: "होती तशी करून द्या."

धाकट्या डॉक्टरांनी तासभर काम केलं. आधी सगळे दात साफ केले, मग तुटका दात घासून नीट केला, माप घेतलं. तोंड उघडं, आत कापूस, वर वाऱ्याची फुंकर. सगळं झाल्यावर, शेवटी, दिव्याखाली त्यांनी नवी पट्टी हातात घेतली.

मी ड्रॉवरमध्ये तडफडले. मित्रांनो, ओला दगड गडद दिसतो आणि वाळला की फिका, हे तुम्ही पाहिलं असेल. दाताचंही तसंच. तासभर उघडा राहून वाळलेला दात पांढरा पडतो आणि घरी जाऊन तोंडात भिजला की पुन्हा आपल्या रंगावर येतो. म्हणून तर रंग आधी, काम नंतर! वाळलेल्या दातांशी रंग जुळवून धाकटे डॉक्टर वर स्वतःशीच म्हणाले, "एक नंबर उजळच घेऊ. कुणाला नको असतो?" बाईंना विचारलं नाही. त्यांच्या तोंडात कापूस होता, त्या सांगणार तरी काय?

दहा दिवसांनी कॅप आली. आधी सवय व्हावी म्हणून कच्च्या, सहज निघणाऱ्या सिमेंटने बसवली. पुढच्या सोमवारी बाई परत आल्या त्या तोंडावर हात धरून. सोबत त्यांची नणंद.

"काय हो, काय झालं?" धाकट्या डॉक्टरांनी विचारलं.

हात न काढता बाई म्हणाल्या, "शनिवारी गोष्ट वाचत होते. एक मुलगी ओरडली, 'बाईंच्या तोंडात लाइट लागलाय!' सगळी हसली. मग मी हात धरून वाचलं, तर मागच्या रांगेतली म्हणतात, ऐकू येत नाही."

"हात काढा बघू."

त्यांनी हात काढला. त्यांचे दात वयाला शोभणारे, चहाची पुसट सावली असलेले, पण एकूणएक घट्ट, निरोगी. आणि मधोमध तो पाहुणा, पांढराफटक.

नणंदबाई म्हणाल्या, "मी घरीच सांगत होते, वहिनी. एकटा चमकतो म्हणून उठून दिसतो. सगळेच चमकवून टाक ना! माझे बघ." आणि त्यांनी दात दाखवले. दोन वर्षांपूर्वी इथेच करून घेतलेले. मित्रांनो, न्हाणीघराच्या नव्या फरशा आठवा. एका मापाच्या, एका रंगाच्या, मध्ये फट म्हणून नाही. नुसतं पाणी ओतून फडका मारायची खोटी.

"ताई बरोबर बोलतायत," धाकटे डॉक्टर म्हणाले आणि पडदा लावला. बाईंचा चेहरा, त्यात परके दात. "शेजारच्या पाच दातांवर व्हिनिअर बसवू. नखासारख्या पातळ चकत्या असतात. सगळे एकसारखे दिसतील."

"बसवायच्या म्हणजे? वरून चिकटवायच्या?"

"त्याआधी दात पुढून जरासे घासावे लागतात. अगदी जरासे."

"ते परत येतात का? घासलेले?"

"परत कशाला हवेत? वरून व्हिनिअर असणारच की."

म्हणजे बघा. एक चुकीची कॅप बदलायची नाही. ती बरोबर दिसावी म्हणून पाच बरोबर दात कायमचे खरवडायचे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! दात म्हणजे नख नव्हे, मित्रांनो. एकदा घासला की तो वाढत नाही. मग जन्मभर त्याला झाकत बसायचं, चकती निखळली की नवी लावायची. देवाने दिलेले पाच दात, पन्नास वर्षं इमानाने चावणारे, एका माणसाला "माझं चुकलं" म्हणता येत नाही म्हणून जाणार होते.

बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. मोठे डॉक्टर सगळं ऐकत होते आणि गप्प होते. आपलेच दात, आपलेच ओठ. मुलाला पेशंटसमोर कसं बोलायचं? त्या क्षणी मला माझ्या मोठ्या डॉक्टरांचाही तिटकारा आला. ज्यांनी मला पाच मोजायला शिकवलं, ते आता किती मोजत बसले होते?

"विचार कसला करतेस, वहिनी?" नणंदबाई म्हणाल्या. "आजच्या आज सुरू कर. हो म्हण."

बाईंनी पडद्यावरून नजर काढून घेतली. त्यांचा आवाज मुळातच लहान. म्हणाल्या, "वन्सं, थांबा. डॉक्टर, मोठे डॉक्टर आधी एक पट्टी घेऊन खिडकीपाशी न्यायचे. ती आहे का अजून?"

"ती होय? ती केव्हाच बाद झाली."

"आहे की," सिंकपाशी हात धूत मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही मध्ये..."

"आजच पुसलीय. रोजच पुसते." मावशींनी ड्रॉवर ओढला. रिमोट खाली पडला, बरं झालं. त्यांनी मला उचललं आणि ट्रेमध्ये ठेवलं. सोळाच्या सोळा.

बाई खुर्चीतून उठल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "खिडकी कुठे गेली?"

 सगळे त्या भल्यामोठ्या हसणाऱ्या तोंडाकडे बघू लागले.

बाहेर वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज झाला. मोठे डॉक्टर आत आले. थेट खिडकीपाशी गेले, कापऱ्या नखाने चित्राचा कोपरा सोडवला आणि ओढला. वरचा ओठ दातांसकट फाटून त्यांच्या हातात आला.

"बाबा! अहो, इतके पैसे घालून लावलंय ते!"

"काढतोय," मोठे डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "मावशी, करडं फडकं."

इतक्या दिवसांनी तो उजेड माझ्या अंगावर पडला. मोठ्या डॉक्टरांनी माझा तो जुना पिवळसर दात काढला, पण त्यांच्या हातात तो थरथरू लागला. त्यांनी तो मुलापुढे धरला. "तू धर. तुझा हात अजून कापत नाही."

धाकट्या डॉक्टरांनी तो बाईंच्या दाताशेजारी धरला. खोलीत कुणी मोठ्याने मोजलं नाही, पण मी मोजलं. एक, दोन, तीन. चारवर त्यांचा चेहरा पडला. पाचवर त्यांनी नजर काढून घेतली. शेजारचे पाचही दात माझ्याशी जुळत होते, जणू एकाच भट्टीतले. आणि मधली ती कॅप माझ्या सर्वांत पांढऱ्या दाताहूनही पांढरी होती.

"लोक पांढरेच मागतात, बाबा," ते हळूच म्हणाले.

उत्तर बाईंनी दिलं. "मी पांढरा नव्हता मागितला, डॉक्टर. मी माझा मागितला होता."



धाकट्या डॉक्टरांनी कॅप काढली. नवी चिठ्ठी लिहिली आणि, कुणी सांगितलं नसताना, तो पिवळसर दातच मापासोबत लॅबला पाठवला. लॅबवाल्यांनी बघून बघून, हिरडीकडे गडद, टोकाशी काचेसारखी अशी कॅप केली. ती बसली त्या दिवशी मावशींनी बाईंना खिडकीपाशी उभं केलं, कमरेवर हात ठेवले आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "आता यातला खोटा कुठला, ते तुम्हीच सांगा बाई. मला नाही ओळखू येत."

नणंदबाईही आल्या होत्या. चष्मा लावून, मान वाकडी करून त्यांनी निरखलं आणि म्हणाल्या, "इतक्या खेपा घातल्यास, आणि काही केलंय असं दिसतच नाही! काय उपयोग?"

मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. ती त्या फरशीबंद तोंडातून मिळावी हे माझं नशीब. बाई मात्र खळखळून हसल्या. हात तोंडाकडे जायला उठला होता, तो अर्ध्यावरून परत फिरला. पुढच्या आठवड्यात त्या मुद्दाम जिना चढून मावशींना सांगायला आल्या की शनिवारी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

धाकटे डॉक्टर सुधारले असं तुम्हाला वाटलं असेल. सुधारले, पण व्हिनिअरसारखे, पृष्ठभागापुरते. रंग आता ते आधी बघतात. पण पडदा आहे तिथेच आहे आणि त्याच्यापुढे माना वर करून बसणारेही तितकेच आहेत. खिडकीवर खालचा ओठ अजून चिकटलेला आहे. तो काढायला कुणाला वेळ नाही. मला मात्र वरच्या ड्रॉवरमध्ये बढती मिळाली आणि माझा पिवळसर दात सुखरूप परत आला. मोठे डॉक्टर आता बाक आत आणून खिडकीला लावून बसतात.

मी सोळा खोट्या दातांची आहे, हे मी लपवत नाही. खऱ्या दाताचा रंग कुठला, ते सांगण्यासाठीच माझा जन्म. तुमच्या तोंडात आहेत ते मात्र खरे आहेत. त्यांना रोज रात्री घासा, कुणी बघत नसलं तरी घासा, मावशी मला पुसतात तसे. किडला तर भरून घ्या, तुटला तर त्याच्यासारखाच दुसरा करून घ्या, त्यात लाज कसली? पण धडधाकट दाताला कुणाला हात लावू देऊ नका. आणि उद्या मोठे झाल्यावर कुणी पडद्यावर तुमच्याच चेहऱ्यात परके दात बसवून दाखवले, तर भांडू नका, आवाज चढवू नका. खुर्चीतून उठा आणि एवढंच विचारा, "खिडकी कुठे आहे?"